देव बसलेला होता

सोमवार, ११ जानेवारी

पोचलो एकदाचे!

लॉजची लिफ्ट बंद. दारावर चिठ्ठी — "उद्या सुरू होईल." चिठ्ठीचा कागद पिवळा पडलाय, म्हणजे हा उद्या बराच जुना असणार. आणि खोली नेमकी सगळ्यात वरच्या मजल्यावर. आईला जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसवत बसवत वर आणलं. ती आली मजेत, आणि पलंगावर आडवी झाले ती मी. "दमलीस गं," म्हणाली, आणि वर मलाच पाणी दिलं!

दोन पलंग, एक डुगडुगणारं टेबल. न्हाणीघराचं दार लागत नाही. लावलं की आपलं आपण हळूच उघडतं, कुणी डोकावल्यासारखं. खुर्ची टेकवून ठेवलीय.

इथे का आलो ते एकदा लिहून ठेवते. पुढे-मागे वाचलं तर माझं मलाच नवल वाटेल, सुखाची रजा अशी का घालवली म्हणून. आई ब्याऐंशीची. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून एकटी राहते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवलं आणि खाली अंगणात जाऊन बसली. पातेल्याचा कोळसा, घरभर धूर, शेजाऱ्यांनी दार फोडलं. आई म्हणते, "दूध काय कुणाचं उतू जात नाही?" पण दादाने हाय खाल्ली. त्याने वयस्कर माणसांसाठी एक ठिकाण शोधून काढलंय. नर्स आहे, बाग आहे, जेवण वेळेवर. दारांना आतून कड्या नाहीत — हे त्याने सगळ्यात शेवटी आणि भरभर सांगितलं. तिथली खोली शनिवारपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवली आहे.

आईला सांगितलं तर म्हणाली, "आधी मला ते देऊळ पुन्हा एकदा दाखवा. मग बघू."

ते देऊळ म्हणजे इथलं थोरलं देऊळ. हजार वर्षांचं म्हणतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी बाबांनी तिला इथे आणलं होतं. घरी कुणीही पाहुणा आला की बाबा सुरू — "हिला थोरलं देऊळ दाखवलंय मी! पहिल्याच वर्षी!" मग पुढचं आई सांगायची. पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या. दाराशी दोन दगडी हत्ती, त्यातल्या एकाची सोंड तुटलेली, तिच्यात हिचा पदर अडकून फाटला — नवी साडी! आणि देव बसलेला. दार इतकं बुटकं की आपणही खाली बसल्याशिवाय तो दिसत नाही. ही गोष्ट ऐकल्याशिवाय मी आणि दादा जेवत नसू. हत्तीपाशी आलं की एक घास, देवापाशी आलं की शेवटचा.

निघताना दादा म्हणाला, "आठवडाभर तिच्याबरोबर आहेस. नीट बघ. डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच सांग मला. तू म्हणशील ते मी मानीन. लोकांचं खरं-खोटं करणं तुझं कामच आहे."

आहे खरं. एकवीस वर्षं विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासतेय. पण तिथे समोरचा माणूस माझी आई नसतो.

मंगळवार, १२ जानेवारी

पायांचे तुकडे पडलेत. थोडक्यात लिहिते.

थोरलं देऊळ खरोखरच थोरलं आहे. टेकडी चढून जायचं. चप्पल एकीकडे ठेवायची, पिशवी दुसरीकडे द्यायची, मग लोखंडी गजांच्या मधून नागमोडी रांग. पुढच्या माणसाची पाठ बघत बघत निम्मा दिवस गेला. त्याच्या शर्टाची शिवण उसवली होती. अजून डोळ्यांसमोर आहे — देवळाच्या कोरीवकामापेक्षा तीच जास्त लक्षात राहिली, काय करू!

आई चौकात आली आणि उभीच राहिली. खांबांकडे बघितलं, शिखराकडे बघितलं.

"हे ते नव्हे," म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, किती वर्षं झाली. बदललं असेल." तर म्हणे, "पाणी कुठाय?"

सोबत गाईड घेतला होता. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण बिचारा सभ्य. म्हणाला, "आजी, इथे टेकडीवर पाणी कुठून येणार? इथे तळं नव्हतंच कधी." हत्ती? "हत्ती नाहीत. सिंह आहेत, ते बघा ना, काय सुंदर!" आईने सिंहांकडे अशी पाहुणी नजर टाकली आणि मान हलवली.

गाभाऱ्यासमोर जेमतेम एक क्षण मिळाला. देव उंचच उंच, उभा. मागून ढकललं, आम्ही बाहेर. बाहेर येऊन आई मला म्हणते, "हा उभा आहे. आपला बसलेला होता."

मी चिडले. लोक बघत होते, गाईड बघत होता, ऊन डोक्यात गेलं होतं. "आई, हेच ते! जन्मभर तूच सांगत आलीस ना, थोरलं देऊळ, थोरलं देऊळ? आता देवालाही उठवून बसवू का तुझ्यासाठी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. असेल."

आई कधी "असेल" म्हणत नाही. आई "आहे" म्हणते नाहीतर "नाही" म्हणते.

बुधवार, १३ जानेवारी

पाय सुजले. तिचे नाहीत, माझे.

नंतर —

दादाचा फोन आला. जिन्यात जाऊन घेतला. सांगून टाकलं. पाणी नाही, हत्ती नाहीत, देव उभा आहे. तिने जन्मभर सांगितलं त्यातलं एकही तिथे नाही.

तो म्हणाला, "मग?"

"मग काय! तू म्हणत होतास ते बरोबर."

"नक्की?"

"दादा, मी थकलेय रे. नक्की."

"शनिवारी त्यांना हो कळवतो," म्हणाला. मग म्हणाला, "तू वाईट वाटून घेऊ नकोस." म्हणजे त्यालाच वाईट वाटत होतं.

खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते. माझी एक खोली, सकाळी आठला घर सोडते. तिला माझ्याकडे आणून दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवू? दादाकडे वहिनीचे वडील अंथरुणाला खिळलेले. कुणीतरी निर्णय घ्यायलाच हवा होता, तो मी घेतला. संपलं. आता चार रात्री नीट झोपेन असं वाटलं.

खोलीत परत आले तर खुर्ची सरकवून न्हाणीघरातून आई बाहेर येत होती, तोंड पुसत. काय ऐकलं कोण जाणे. म्हणाली, "दादाला म्हणावं स्वेटर घालत जा. आवाज बसल्यासारखा वाटतोय त्याचा."

आवाज मला ऐकू येत होता, तिला कसा आला? फोन तर माझ्या कानाला होता. की उगाच बोलली? आता तिच्या प्रत्येक वाक्याकडे मी अशी बघते. आईशी बोलत नाही, चौकशी करते.

गुरुवार, १४ जानेवारी

आई जेवली नाही. पाव कुस्करला, चहा निवू दिला. खिडकीशी बसून राहिली. समोर एक धोब्याचं दुकान आहे, तिथल्या इस्त्रीची वाफ बघत होती. "कुठे फिरायला जाऊ या का?" — "नको." "घरी लवकर जाऊ या का?" — "कुठल्या घरी?" विचारताना माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणजे ऐकलंय सगळं. मी चादरीच्या घड्या करत बसले. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

मालकीणबाई टॉवेल घेऊन आल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालल्या की आधी तो ऐकू येतो. बोलायला कुणी मिळालं की बाईंना जिना चढल्याचं सार्थक होतं. "काय आजी, झालं का दर्शन?" आई खिडकीकडेच तोंड करून. म्हणून मीच बोलले. खरं तर चेष्टेच्या सुरात बोलले, स्वतःची सोडवणूक करायला — "आईला आठवतंय ते देऊळ सापडलंच नाही. तिच्या देवळात पाणी आहे, तुटक्या सोंडेचा हत्ती आहे आणि देव खाली बसलाय!"

बाई टॉवेल हातात धरून तशाच उभ्या.

"मग ते धाकटं देऊळ! तिकडे कशाला गेलात तुम्ही टेकडीवर?"

मी म्हटलं, "कुठलं धाकटं?"

"अहो, पलीकडच्या अंगाला. जुनी गाडी पहिल्यांदा तिथेच थांबायची. ज्यांना टेकडी चढायचा कंटाळा, ते तिथेच हात जोडून परत फिरायचे, आणि घरी जाऊन थोरलं बघितलं म्हणून सांगायचे! आमचे सासरेही त्यातलेच. आता कुणी फिरकत नाही तिकडे. ते हत्तीचं मात्र खरंय हं, सोंड नाही त्याला."

ऑफिसात असं कधीमधी होतं. खोटा म्हणून बाजूला टाकलेला क्लेम, आणि भलत्याच माणसाच्या तोंडून, ज्याचा त्यात काही फायदा नाही अशाच्या तोंडून, तीच हकिगत येते.

आईकडे बघितलं. ती इस्त्रीकडे बघत होती.

उद्या जाणारच.

शुक्रवार, १५ जानेवारी

कुठून सुरू करू!

गाडीवाल्याने तीनदा विचारलं, "नक्की तिथेच जायचंय ना?" रस्ता अर्धा खडीचा. दोन गोदामं, एक बंद पडलेला कारखाना, मग एकदम उतार आणि काळ्या दगडाचं एवढंसं देऊळ. चिटपाखरू नाही. एक पुजारी सावलीत बसून डोळ्यांत औषध घालून घेत होता. आम्हाला बघून म्हणाला, "थोरलं देऊळ वर आहे." रस्ता चुकून आलेले समजला असणार.

आईने माझा हात सोडला.

जिला जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसवावं लागत होतं ती सरळ चालू लागली. "इकडून नको, शेवाळ आहे," मलाच म्हणाली. देवळाला वळसा घालून मागे गेली — आणि मागे पाणी! पायऱ्या उतरत उतरत हिरव्या पाण्यात गेलेल्या. पुढून काहीसुद्धा दिसत नाही, माहीत असल्याशिवाय कुणी त्या बाजूला जाणारच नाही.

हत्ती दोन. डावीकडच्याची सोंड तुटलेली, कड धारदार. मी मुद्दाम माझी ओढणी तिच्यावरून ओढली. अडकली! मी लहान पोरीसारखी ओरडले, "आई, अडकली!" ती म्हणाली, "अडकणारच. हळू सोडव, फाटेल."

आणि देव. दार खरंच बुटकं. वाकून भागत नाही, चक्क बसावं लागतं. माझे सुजलेले पाय घेऊन मी खाली बसले, शेजारी आई बसली. आत पणतीचा उजेड, आणि समोर आमच्याइतक्याच उंचीवर तो — मांडी घालून, जरासा पुढे झुकून, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा. रांग नाही, मागून ढकलणं नाही. मी देवाधर्माची बाई नाही. पण त्याच्यासमोर बसून मला रडू आलं. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे. पुजाऱ्याला वाटलं माझीच भक्ती उफाळून आली, त्याने कौतुकाने दोन फुलं जास्त दिली.

आमच्या ऑफिसात एकच नियम — माणूस सांगतो ते जागेवर जाऊन पडताळायचं. जुळलं की मंजूर. इथे सगळं जुळत होतं! बुटकं दारसुद्धा. मी म्हटलं, "आई, इथे काय झालं होतं?" न अडखळता म्हणाली, "इथे हे बसले होते, बूट काढून. नवे बूट होते, टाचेला एवढा फोड. म्हणाले, हेच ते थोरलं देऊळ, बघ किती जुनं आहे!"

मी हसत सुटले. "म्हणजे बाबांनी थाप मारली! फोडापायी टेकडी चुकवली! आणि जन्मभर पाहुण्यांसमोर टेंभा मिरवला? आणि तुला पत्ताच नाही?"

आई म्हणाली, "ऊन वर आलं. चल."

पायरीवर पुन्हा एकदा बसली, पाण्यात हात घातला. ओला हात माझ्या गालावरून फिरवला. कधी केलं नव्हतं तिने असं. मी लाडाची नव्हतेच, दादा होता.

तिथूनच दादाला फोन लावला. "ती खोली नको म्हणून सांग! आत्ताच्या आत्ता!"

"परवा तर तू—"

"परवा मी चुकले. आपणच तिला भलत्या देवळात नेलं. ती बरोबर होती रे! साठ वर्षांपूर्वीचा हत्ती तिच्या डोक्यात जसाच्या तसा आहे. कालचं मला आठवत नाही, तुला आठवत नाही. तिचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे!"

"आणि दूध?"

"दूध काय कुणाचं उतू जात नाही?"

तो वैतागला. पुन्हा अशी जागा मिळायची नाही म्हणाला, रांग आहे तिथे म्हणाला. मी म्हटलं, असू दे. मी आवाज चढवला — दादावर कधी चढवला नव्हता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण तुझ्या भरवशावर. उद्या काही झालं तर मला बोलायचं नाही."

"माझ्या भरवशावर," मी म्हटलं.

आई गाडीत बसून गाडीवाल्याला त्याच्या मुलींच्या शाळेबद्दल विचारत होती. घरी परतताना — लॉजला घर म्हणायला लागले की काय मी! — ती डुलकी काढत होती, डोकं माझ्या खांद्यावर. खांदा अवघडला, पण हलवला नाही.

शनिवार, १६ जानेवारी

दादाचा निरोप : "कळवलं. दुपारीच दुसऱ्यांनी घेतली खोली." पुढे काही नाही. रागावलाय. रागावू दे, स्वेटर घातला की उतरेल.

आज नुसतं लोळले. कंबर धरलीय, पाय अजून जड, डोळे चुरचुरतात. पण हा थकवा वेगळा आहे, काम झाल्यानंतरचा. आई भात पोटभर जेवली, वर माझ्यातलं केळंही खाल्लं. तिने सामान भरलं. माझ्या बॅगेत माझे कपडे मलाही जमणार नाहीत इतके नीट बसवले. मालकीणबाई निरोप घ्यायला आल्या. आई त्यांना म्हणाली, "तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा." बाई म्हणाल्या, "ते जाऊन खूप वर्षं झाली, आजी." आई म्हणाली, "हो का? अरेरे."

मी गॅससाठी आपोआप बंद होणारं बटण बसवून घेईन. शेजारच्या बाईंना एक किल्ली देऊन ठेवीन. महिन्यातून दोनदा मी जाईन, दोनदा दादा. जमेल. का नाही जमणार? लोक काय काय जमवतात.

लिफ्ट आज सुरू झाली! आम्ही उद्या जाणार म्हणून.

रविवार, १७ जानेवारी

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

आई दुपारभर झोपली होती. जागी झाली, खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. मग डब्यात इकडेतिकडे बघून जवळ सरकली, माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाली, "वन्सं, एक सांगू? ते थोरलं देऊळ नव्हतंच. मला तिथेच कळलं होतं. पण पाय दुखत असताना एवढ्या हौसेने नेलं हो त्यांनी मला. घरी गेल्यावर तुमच्या भावाजवळ बोलू नका हं. त्यांना वाईट वाटेल."

वन्सं म्हणाली मला. आत्याला म्हणायची तसं.

ती उत्तराची वाट बघत होती. हात सोडत नव्हती.

मी म्हटलं, "नाही बोलत, वहिनी."